नागावची विहीर आणि चवदार तळ्याचा निकाल

सहलीचे नाव काढले की आपल्या घरांत पहिला प्रश्न खर्चाचा येतो आणि दुसरा सुट्टीचा. यंदा २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली, तेव्हा आमच्या वस्तीतील तीन कुटुंबांनी वर्गणी काढली आणि अलिबागजवळच्या नागावला एक रात्र मुक्काम करायचे ठरविले. लहानथोर मिळून चौदा माणसे. त्यांत आमच्या आत्या होत्या. वय पंच्याहत्तर, माहेर महाड तालुक्यातले. आमची थोरली मुलगीही होती. ती यंदा बारावीला आहे आणि पुढे वकिली शिकायची म्हणते. या दोघींमुळेच हा लेख लिहावा लागला. नाहीतर समुद्र आणि मासळीचे वर्णन वाचकांनी पुष्कळ वाचले आहे.

मुंबईहून नागावला जायला दोन वाटा आहेत. एक पाण्याची. गेटवेहून मांडव्याला किंवा भाऊच्या धक्क्यावरून रेवसला उतरायचे आणि पुढे अलिबाग गाठायचे. दुसरी रस्त्याची. पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग. आत्यांना लाँचची भीती वाटते म्हणून आम्ही एस.टी. धरली. पोयनाड आले तेव्हा आम्ही मुलांना खिडकीतून बोट करून सांगितले की, या भागातच चरी नावाचे गाव आहे. १९३३ साली तिथल्या आणि आसपासच्या कुळांनी खोतांची शेती कसणार नाही असे ठरविले आणि तो संप १९३९ पर्यंत चालविला. सहा वर्षे जमीन पडीक ठेवून माणसांनी लाकूडफाटा विकून आणि मिळेल ती मजुरी करून पोट भरले. त्यांचे पुढारी नारायण नागू पाटील. बाबासाहेब आंबेडकर या कुळांच्या बाजूने उभे राहिले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. मुलांपैकी एकाने विचारले, "मग बाबासाहेब हरले का?" आम्ही म्हणालो, "नागावला पोचू दे, मग सांगतो."

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागले की कुरूळ, अक्षी आणि मग नागाव. आठ-नऊ किलोमीटरांचा पल्ला. रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या. वाड्यांच्या पलीकडे सुरूची झाडे आणि त्याच्या पलीकडे समुद्र. आता नागाव फार गजबजले आहे. शनिवार-रविवारी मोटारींची रांग लागते, किनाऱ्यावर घोडागाड्या आणि पाण्यावर पळणाऱ्या मोटारबोटी असतात. गावातल्या पुष्कळ घरांनी दोन-चार खोल्या बांधून पाहुण्यांची सोय केली आहे. आम्ही अशाच एका घरी उतरलो. घरच्या काकींनी तांदळाच्या भाकऱ्या, बांगड्याचे कालवण आणि सोलकढी असे जेवण दिले. चौदा माणसांच्या मानाने दर परवडला.

विहिरीवर

संध्याकाळी हातपाय धुवायला आम्ही वाडीतल्या विहिरीवर गेलो. समुद्राची गाज स्पष्ट ऐकू येत होती. आम्हांला वाटले, पाणी खारट असणार. मुलाने चाखून पाहिले तर गोड! काकी म्हणाल्या की पूर्वी यावर रहाट होता, आता पंप बसविला आहे. पण प्यायला अजून दोराने बालदी सोडून काढलेलेच पाणी घेतात.

समुद्राला खेटून गोड पाणी कसे, याचे उत्तर सोपे आहे. पावसाचे पाणी वाळूतून खाली मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून ते खाऱ्या पाण्याच्या वर थर धरून राहते. बेताने उपसले तर वर्षभर पुरते. हावरेपणाने पंप चालविला की खालचे खारे वर चढते आणि विहीर मचूळ होते. एकाने जास्त ओढले की शेजारच्याच्या विहिरीवरही परिणाम होतो. म्हणजे विहीर ज्याच्या त्याच्या वाडीतली असली तरी पाणी काही कुंपण पाळत नाही.

आत्यांना तहान लागली होती. त्या विहिरीपासून दोन पावले मागे थांबल्या आणि त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. काकींना काही कळेना. आम्हांला कळले. आत्यांच्या लहानपणी गावात पाणी असेच मिळे. वरून कोणी ओतील तेव्हा. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईच्या हातांना ते अजून आठवत होते. काकींनी दोर आत्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घ्या ना काढून, त्यात काय?" आत्यांनी बालदी सोडली, भरली, ओढली. त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "चवदार आहे."

हा शब्द आमच्या मुलीने उचलला. रात्री जेवणे झाल्यावर सगळे सुरूच्या बनाशी बसले, तेव्हा तिने विचारले, "बाबा, चवदार तळ्याचा सत्याग्रह आम्हांला शाळेत होता. पण कोर्टात त्या तळ्याचे नेमके काय झाले? आणि बाबासाहेब वकील होते म्हणजे ते रोज काय काम करत होते?"

वाचकहो, आम्ही दरवर्षी २० मार्चला महाडला जातो. तरी या प्रश्नाचे उत्तर देताना आम्ही अडखळलो, हे कबूल केले पाहिजे. सत्याग्रहाची कथा आपल्याला पाठ आहे. त्यानंतरच्या दहा वर्षांची, म्हणजे दाव्याची, तारखांची आणि निकालाची कथा आपण क्वचितच सांगतो. त्या रात्री जे सांगितले आणि घरी आल्यावर कागद पाहून जे पक्के केले, ते येथे देत आहोत.

परळच्या चाळीतला बॅरिस्टर

बाबासाहेबांनी लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टरी पुरी केली आणि १९२३ साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. राहायला परळच्या बी.आय.टी. चाळीत. वकिलाला काम मिळते ते सॉलिसिटरांकडून आणि ओळखीपाळखीतून. अस्पृश्य बॅरिस्टरला ते कोण देणार? सुरुवातीची वर्षे ओढाताणीची गेली. म्हणून १९२५ पासून १९२८ पर्यंत त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. आम्ही बी.कॉम. झालो तेव्हा हाच विषय अभ्यासाला होता. ज्यांनी पुढे राज्यघटनेचा मसुदा सिद्ध केला, ते एके काळी हिशेब शिकणाऱ्या मुलांना करार आणि हुंडी समजावून सांगत होते, हे कळले तेव्हा आम्हांला आपल्या पदवीचा जरा अभिमान वाटला.

खटले कोणते घेतले? १९२६ साली पुण्याचा 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाचा खटला गाजला. जेधे, जवळकर, बागडे या ब्राह्मणेतर चळवळीतील मंडळींवरील बदनामीच्या त्या खटल्यात बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली आणि त्यांना सोडविले. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील मजकुरावरून खटला झाला, तेव्हा कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले तेही बाबासाहेबच. तो खटला ते हरले. लोकांना न आवडणारे मत मांडायचा अधिकार माणसाला आहे की नाही, असा प्रश्न त्या दोन्ही ठिकाणी होता. परळच्या दामोदर हॉलमधील कचेरीत मात्र गिरणीकामगार आणि खेड्यांतून आलेली माणसे आपली गाऱ्हाणी घेऊन बसलेली असत. १९२८ पासून ते शासकीय विधी महाविद्यालयात शिकवू लागले आणि १९३५ साली तिथेच प्राचार्य झाले. सायमन कमिशनपुढची साक्ष, गोलमेज परिषदा, विधिमंडळातील भाषणे हे सगळे याच वर्षांतले. घटनेचा कायदा ते पुस्तकात शिकले, वर्गात शिकविला आणि लंडनपर्यंत जाऊन भांडले. पण त्या कायद्याची खरी कसोटी लागली ती याच कुलाबा जिल्ह्यात. आजचा रायगड जिल्हा म्हणजे तेव्हाचा कुलाबा. १९८१ साली त्याचे नाव बदलले.

एका ठरावाची दहा वर्षे

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालविलेल्या सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर काम झाले. तळ्यावर मात्र कोणीच गेले नाही, कारण जाऊ देत नव्हते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि परिषदेला आलेले हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याची 'शुद्धी' झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले. तेव्हा काही सवर्ण रहिवाशांनी १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या दिवाणी न्यायालयात बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावला आणि १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळविला.

येथे मुलीने थांबविले. "मग लोक जमले होते ना? हजारो? त्यांनी हुकूम मोडला का?"

नाही. लोक तयार होते. तुरुंगात जाऊ म्हणत होते. परिषदेत वाद झाला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु तळ्याच्या बाबतीत बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला आणि लोकांनी तो मानला. तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पाण्याला कोणी हात लावला नाही. त्या दिवशी घरून भाकरी बांधून आलेल्या माणसांना काय वाटले असेल? आत्या हळूच म्हणाल्या, "आमचे आजोबा होते तिथं. पाण्यापाशी जाऊन परत आले, असं सांगायचे." आम्हांला हे माहीत नव्हते. इतकी वर्षे घरात असून आम्ही कधी विचारलेच नव्हते.

बाबासाहेबांनी हुकूम का पाळला? आमच्या समजुतीप्रमाणे कारण असे. समोरच्यांनी रस्त्यावरची लढाई कोर्टात नेली होती. कोर्टाचा हुकूम मोडला असता तर सरकार आणि सवर्ण एका बाजूला आणि आपली माणसे दुसऱ्या बाजूला असा देखावा झाला असता, आणि तळे कोणाचे हा मूळ प्रश्न बाजूला पडला असता. वकिलाने तो प्रश्न जागेवर ठेवला.

२३ फेब्रुवारी १९२८ ला मनाई हुकूम उठला. दावा मात्र चालूच राहिला. ८ जून १९३१ ला महाडच्या न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. वादी अपिलात ठाण्याला गेले, तेथे ३० जानेवारी १९३३ ला हरले. ते उच्च न्यायालयात गेले, तेथे १७ मार्च १९३७ ला हरले. पाणी प्यालेल्या दिवसाला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींपैकी एक ब्रूमफील्ड. १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच.

निकालात काय होते आणि काय नव्हते

आता मुख्य मुद्दा. हा प्रत्येक घराने समजून घ्यावा असा आहे.

वादींचे म्हणणे असे की, अस्पृश्यांनी या तळ्याचे पाणी घ्यायचे नाही अशी अनादी काळापासूनची वहिवाट आहे, म्हणून त्यांना कायमची मनाई करावी. उच्च न्यायालयाने पुरावा तपासला. तळे चार-पाच एकरांचे, नगरपालिकेच्या मालकीचे, भोवती रस्ते आणि घरे. न्यायालय म्हणाले की, जी अनादी वहिवाट वादी सांगतात ती त्यांनी सिद्ध केलेली नाही. म्हणून अपील फेटाळले.

नीट वाचा. न्यायालयाने 'अशी वहिवाट अन्यायाची आहे' असे म्हटले नाही. वहिवाट सिद्धच न झाल्यामुळे ती गैरवाजवी किंवा लोकहिताविरुद्ध आहे का, याचा निर्णय करायची गरज उरली नाही. म्हणजे आपण जिंकलो ते समोरच्यांचा पुरावा तोकडा पडला म्हणून! एखाद्या दुसऱ्या गावी, दुसऱ्या तळ्यावर, जुने दप्तर आणि साक्षीदार आणून कोणी ती वहिवाट सिद्ध केली असती तर? तर काय झाले असते, हे त्या निकालाने सांगितलेले नाही. दार उघडले खरे, पण कडी अजून त्यांच्याच हाती होती.

ही कडी काढली ती राज्यघटनेने. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. घटनेचे कलम १३ सांगते की, मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले कायदे त्या विसंगतीपुरते रद्द. आणि त्याच कलमात 'कायदा' या शब्दाचा अर्थ देताना कायद्यासारखे बळ असलेली रूढी आणि वहिवाट यांचाही समावेश केला आहे. म्हणजे आता कोणी हजार वर्षांची वहिवाट पुराव्यानिशी सिद्ध केली, तरी समतेच्या आड आली तर ती रद्दच. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी नावे घेऊन सांगितले आहे की, सरकारी पैशाने राखलेल्या किंवा सर्वांसाठी असलेल्या ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही. घटनेसारख्या मोठ्या ग्रंथात विहीर आणि तलाव हे शब्द कशाला, असे एखाद्याला वाटेल. महाडची माणसे ते विचारणार नाहीत. कलम १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. ते घटना समितीने २९ नोव्हेंबर १९४८ ला मान्य केले.

हे सगळे एकट्या महाडच्या खटल्यामुळे झाले असा आमचा दावा नाही. घटना समितीत पुष्कळांनी विचार केला, पुष्कळ देशांचे कायदे पाहिले गेले. पण ज्या वकिलाने दहा वर्षे 'वहिवाट' या एका शब्दाशी झुंज दिली, त्यालाच त्या शब्दाची ताकद पुरती माहीत होती, एवढे खात्रीने म्हणता येते.

आणि हक्क लिहून भागत नाही, हेही महाडनेच शिकविले. १९२४ चा ठराव होता, तरी पाणी नव्हते. म्हणून हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क देणारे कलम ३२ बाबासाहेबांना सर्वांत महत्त्वाचे वाटे. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी त्याला घटनेचा प्राण म्हटले. कलम २२६ ने असाच अधिकार उच्च न्यायालयांना दिला. सरकारी अधिकारी, नगरपालिका, ग्रामपंचायत कायद्याने नेमून दिलेले काम करत नसेल, तर 'हे काम करा' असा महादेश उच्च न्यायालय देऊ शकते. ज्याला प्रशासकीय कायदा म्हणतात, तो सामान्य माणसाच्या दृष्टीने मुख्यतः हाच. टेबलापलीकडच्या माणसाला जाब विचारण्याचा कायदा.

तरी कोणी निर्धास्त राहू नये. कर्नाटकातील एका गावी कूपनलिकेचे पाणी भरू दिले नाही म्हणून झालेली शिक्षा कायम करण्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले, आणि तो निकाल १९९२ सालचा आहे. घटना लागू होऊन बेचाळीस वर्षे झाली होती.

पोयनाडला ज्या मुलाने विचारले होते त्याला आम्ही म्हणालो, "आता सांग, खोतीच्या विधेयकात बाबासाहेब हरले का?" तो म्हणाला, "तेव्हा हरले. पण कागद मांडून ठेवला." याहून चांगले उत्तर आम्हांला देता आले नसते.

अक्षीचा दगड

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या शाळेकडून मुलांच्या एकसुरात म्हटलेली उद्देशिका वाडीपर्यंत ऐकू आली. आम्ही सगळे अंगणात उभे राहिलो. परतताना अक्षीला उतरून तेथील प्रसिद्ध शिलालेख पाहिला. शके ९३४, म्हणजे १०१२ सालचा. मराठीतील सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. शिलाहार राजवटीत देवीसाठी धान्य नेमून दिल्याची ती नोंद आहे. वर चंद्रसूर्य कोरले आहेत, खाली गाढवाचे चित्र आहे. दान मोडणाऱ्याला घातलेला तो शाप. अशा दगडांना गधेगाळ म्हणतात.

हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही ठाऊक होते की, तोंडी शब्द टिकत नाही, लिहून ठेवले पाहिजे. पण लिहिलेले मोडले तर काय करायचे? त्याच्याकडे शापापलीकडे उपाय नव्हता. आपल्याकडे कलम ३२ आहे, २२६ आहे. मुलगी म्हणाली, "म्हणजे गाढवाच्या जागी कोर्ट आले." सगळे हसले, पण बोलणे खरे होते.

कागदाची किंमत

आम्ही कारकून. आवक-जावकची नोंदवही हीच आमची रोजची भाकरी. तरी कागदाची खरी किंमत आम्हांला घरातच कळली. आमचे थोरले काका १९८० च्या सुमारास एका केंद्रीय कार्यालयातील नोकरीच्या मुलाखतीला गेले. दाखल्यावर 'बौद्ध' लिहिले होते म्हणून राखीव जागेसाठी त्यांचा विचार झाला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असला पाहिजे अशी अट होती. १९५६ साली त्यात शीख आले. बौद्धांचे नाव आले ते १९९० च्या दुरुस्तीने. महाराष्ट्र सरकारच्या सवलती आधीच मिळत होत्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांचे दार धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षे बंद राहिले. एका परिच्छेदातील एका शब्दाने काकांचे आयुष्य ठरविले. ते दुरुस्त व्हायला मोर्चे लागले, तसे कायदा वाचणारेही लागले.

म्हणून आमच्या वाचकांना, विशेषतः घर सांभाळणाऱ्या माताभगिनींना, चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कोणत्याही कार्यालयात अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. आम्ही स्वतः एकदा वस्तीच्या नळासाठीचा अर्ज पोच न घेता दिला. पुढे 'तुमचा अर्जच नाही' असे उत्तर मिळाले आणि एक उन्हाळा फुकट गेला. दुसरे, काम का अडले हे विचारायला २००५ चा माहिती अधिकार आहे. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. तिसरे, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयात चौकशी करावी. चौथे, खेड्यातल्या बांधवांनी ग्रामसभेला जावे आणि ठराव वहीत लिहिला गेला का, हे स्वतः वाचून पाहावे. 

आणि घरातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला कायदा शिकवा. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आम्हांला स्वतःला बी.कॉम. नंतर एलएल.बी. करायचे होते. घरची परिस्थिती पाहून नोकरी धरली. मुलीच्या बाबतीतही आम्ही आजवर "आधी बँकेच्या परीक्षा दे" असेच म्हणत होतो. नागावहून परतताना एस.टी.त आम्ही ते म्हणणे मागे घेतले. पाच वर्षांची फी कशी उभी करायची याचा हिशेब अजून जुळलेला नाही. जुळवू.

निघण्यापूर्वी आत्या पुन्हा विहिरीवर गेल्या. या वेळी त्या मागे थांबल्या नाहीत. स्वतः बालदी सोडून त्यांनी पाणी काढले, प्लास्टिकची बाटली भरली आणि पिशवीत ठेवली. वाटेत पेणला पाणी विकत मिळते, असे आम्ही म्हणालो. त्या म्हणाल्या, "असू दे. हे मी काढलेलं आहे."